हे आत्ताच वाजलं ना?

रविवारची सकाळ. पोहे झालेत, दुसरा चहा चाललाय, पेपरच्या पुरवण्या घरभर पसरल्यात आणि प्लेअरवर बिल एव्हन्सचा पियानो. एकदम सही माहौल. पंधरा-वीस मिनिटं अशीच मजेत जातात आणि आतून बायकोचा आवाज येतो, "अरे, सीडी अडकलीय का?"

"नाही गं. का?"

"हे आत्ताच वाजलं ना?"

आता काय सांगायचं? वाजलं होतं. दोनदा. 'ऑल ऑफ यू' या एकाच गाण्याचे तीन टेक मी रिमोटवरून ओळीने लावून ठेवले होते.

"हे वेगळंय," मी म्हणालो. "हा तिसरा टेक."

"आणि आधीचे दोन?"

"पहिला आणि दुसरा."

ती हातात झारा घेऊनच दारात आली. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस झाऱ्याचे अर्थ ओळखायला शिकतो. "मग यातलं खरं कुठलं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

प्रश्न साधा होता. मी मात्र तेव्हापासून तोच चघळत बसलोय. त्यातून पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. नव्या घरात खिडक्या मोठ्या आहेत, म्हणजे भिंती कमी. माझ्या सीड्यांच्या वाट्याला एक फळी आलीय. टेपने मोजून तीन फूट. जे त्यात मावेल ते येणार, बाकीचं विका, वाटा, काय वाट्टेल ते करा. त्यामुळे "खरं कुठलं" हा प्रश्न आता तात्त्विक वगैरे राहिलेला नाही. फूटपट्टी घेऊन त्याचं उत्तर द्यायचंय.

बॉक्स सेटचं व्यसन कसं लागतं ते आधी सांगतो. पहिला पगार हातात आला की कुणी बूट घेतो, कुणी मोबाइल. मी काळाघोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये शिरलो. (२०१६ मध्ये ते बंद झालं. त्या कोपऱ्यावरून जाताना अजून पाय आपसूक रेंगाळतात.) तिथे एका सुट्या सीडीच्या शेजारी जाडजूड डबा होता, 'कम्प्लीट' असं लिहिलेला. कम्प्लीट! या एका शब्दाने आजवर माझा जेवढा खिसा कापलाय तेवढा लोकलमधल्या कुणीही कापलेला नाही. म्हणजे एकदा घेतलं की विषय संपला, यापलीकडे काही शिल्लकच नाही, असं वाटतं. मग पुढचा डबा. मग परदेशातून येणाऱ्या मित्राच्या बॅगेत पाऊण किलो जागा मागणं. मग आईला खोटी किंमत सांगणं.

अमेरिकेत मायकल कस्कुना आणि चार्ली लॉरी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'मोझेक' नावाची कंपनी काढली आणि या वेडाला चक्क धर्माचं रूप दिलं. त्यांचा पहिला सेट थेलोनियस मंकच्या ब्लू नोटवरच्या सगळ्या रेकॉर्डिंगचा, १९८३ चा. मोठा काळा चौकोनी डबा, आत भरगच्च पुस्तिका, ठरावीकच प्रती, प्रत्येकीवर नंबर. संपल्या की संपल्या. माणसाला पागल करायला याहून जास्त काही लागत नाही.

माझ्याकडचा सगळ्यात मोठा डबा बिल एव्हन्सचाच, व्हर्व्ह कंपनीचा, १९९७ चा. अठरा सीड्या. आणि पॅकिंग कसलं? पोलादी पेटी, तीसुद्धा मुद्दाम गंज चढावा म्हणून रंग न देता सोडलेली. डिझायनरचा फंडा असा की काळाच्या ओघात प्रत्येक पेटी वेगळी दिसेल. न्यूयॉर्कच्या कोरड्या अपार्टमेंटमध्ये बसून हे सुचणं ठीक आहे हो, पण त्याने मुंबईचा जुलै बघितला नसावा. पहिल्याच पावसाळ्यात माझी पेटी बुडालेल्या जहाजातून काढल्यासारखी दिसायला लागली. आमच्या पांढऱ्या शेल्फवर तिचा तपकिरी चौकोन उमटलाय तो कायमचा. बायकोने तिला नाव ठेवलंय, 'भंगार'. आणि खरं सांगू? त्या अठरांतल्या पाच-सहा सीड्याच मी पुन्हा पुन्हा ऐकल्यात. बाकीच्या एकदा ऐकल्या, कर्तव्य म्हणून.

का? कारण प्रत्येक सीडीवर ऑल्टरनेट टेक.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी. स्टुडिओत एक गाणं तीन-चार वेळा वाजवलं जातं. एकदा सुरुवातीलाच घोळ होतो, एकदा कुणाची तरी शिंक, एकदा सगळं जमतं पण ड्रमरचं मन भरत नाही. त्यातला एक टेक निवडून रेकॉर्डवर जातो, तो 'मास्टर'. उरलेले डब्यात. पॉप गाण्यांमध्ये हे उरलेले टेक म्हणजे फक्त चुकांचा हिशेब. पण जाझमध्ये सोलो त्या क्षणी सुचलेला असतो. दुसऱ्या टेकमधला सोलो म्हणजे दुसरीच रचना! आपल्याकडच्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. एकाच बुवांचे सात यमन जपून ठेवणारे काका प्रत्येक कुटुंबात एक असतातच, आणि त्यांना "यातला खरा यमन कुठला?" असं विचारायची कुणाची हिंमत होत नाही. मैफलीत मास्टर नावाची भानगडच नाही. जाझची गोची अशी की ते मैफलीसारखं सुचतं आणि दुकानातल्या मालासारखं विकलं जातं.

चार्ली पार्करचं बघा. २८ ऑक्टोबर १९४७ ला त्याने 'एम्ब्रेसेबल यू' दोनदा वाजवलं. तीच माणसं, तीच खोली, तोच दिवस. पण दुसरा टेक ऐकताना पहिल्याची आठवणसुद्धा होत नाही, इतका तो वेगळ्या रस्त्याने जातो. दोन्ही टिकले, दोन्ही प्रसिद्ध झाले, आणि इतक्या वर्षांत मी दोन्हींवर मनापासून प्रेम केलंय. इथे ऑल्टरनेट टेक म्हणजे निव्वळ बोनस. कुठल्याही कंपनीने मला असे पन्नास विकावेत.

पण त्याच पार्करच्या सॅव्हॉय आणि डायल कंपन्यांसाठीच्या रेकॉर्डिंगचा जो आठ सीड्यांचा सेट २००० मध्ये आला, तो सरळ ऐकत सुटलात तर वेगळाच अनुभव येतो. टेक एक, थांबला. टेक दोन, थांबला. टेक तीन, पूर्ण. टेक चार, पुन्हा थांबला. आपण चहा घेऊन बसलोय आणि समोर माणूस सारखा दचकून उठतोय असं वाटतं. २६ नोव्हेंबर १९४५ चं 'को-को' घ्या. पहिला टेक सुरू होतो, थोड्या वेळात 'चेरोकी' या आधीच गाजलेल्या गाण्याची चाल ऐकू येऊ लागते आणि मध्येच सगळं थांबवलं जातं. 'को-को' बांधलंय 'चेरोकी'च्याच स्वरसंगतींवर, पण मूळ चाल वाजवली तर रॉयल्टी द्यावी लागणार म्हणून थांबवलं, असं सांगतात. पुढच्या टेकमध्ये चाल गायब, आणि मागे राहिलं ते जाझचं नवं युग. त्या अर्धवट तुकड्याने मला 'को-को'बद्दल कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं. पण शिकणं वेगळं आणि दर रविवारी ऐकणं वेगळं.

आता जरा अवघड जागा. २९ जुलै १९४६, लॉस एंजेलिस. त्या दिवशी पार्कर उभा राहण्याच्या अवस्थेत नव्हता. दारू, हेरॉइन न मिळाल्याची तडफड, सगळं एकदम. तशातच त्याने 'लव्हर मॅन' वाजवलं. सूर उशिरा येतात, वाक्यं मध्येच तुटतात. त्याच रात्री हॉटेलात आग, अटक, आणि मग कॅमॅरिलोच्या मनोरुग्णालयात साधारण सहा महिने. डायलच्या रॉस रसेलने ते रेकॉर्डिंग बाजारात आणलं आणि पार्कर भयंकर भडकला. ते बाहेर यायलाच नको होतं असं त्याचं म्हणणं.

गंमत बघा. (गंमत कसली, पण आपण तसं म्हणतो.) 'लव्हर मॅन' काही ऑल्टरनेट टेक नाही. तो मास्टर आहे! वाजवणाऱ्याला जो नको होता तोच मास्टर, कारण शिक्का मारणारा हात दुसऱ्याचा होता. उलट त्याच वर्षी मार्चमध्ये 'अ नाइट इन ट्युनिशिया'च्या पहिल्या टेकमध्ये पार्करने एक छोटासा ब्रेक असा काही घेतला की बाकीचा टेक नापास झाला तरी रसेलला तो फेकवेना. त्याने तेवढाच तुकडा जपला आणि 'फेमस आल्टो ब्रेक' या नावाने पुढे प्रसिद्धही केला. म्हणजे एकाच माणसाने एकदा वाचवलं आणि एकदा उघडं पाडलं. त्याच्यावर रागवायचं की आभार मानायचे? मी 'लव्हर मॅन' ऐकतो का? ऐकलंय. सेटमध्ये त्याच्यावर आलं की आता पुढचं बटण दाबतो. हा माझा खासगी नियम आहे, तुम्हाला लागू नाही.

आपल्यालाही हे काही अगदीच परकं नसतं. 'प्रेझेंटेशन_फायनल_फायनल२' नावाची फाइल तुमच्या लॅपटॉपवर आहे, खोटं बोलू नका. उद्या कुणी 'फायनल१'सुद्धा क्लायंटला दाखवली तर?

तरी मास्टर म्हणजे निदान कुणीतरी कधीतरी वाजवलेला असतो, असं मी मानत होतो. मग थेलोनियस मंकने तोही आधार काढून घेतला. १९५६ च्या ऑक्टोबरात 'ब्रिलियंट कॉर्नर्स' वाजवायला सॉनी रॉलिन्स, मॅक्स रोच असली दादा माणसं बसली होती, आणि पंचवीस प्रयत्न करूनही गाणं एकदाही शेवटपर्यंत धड गेलं नाही. शेवटी निर्माता ऑरिन कीपन्यूजने तुकडे जोडून मास्टर तयार केला. जाझच्या इतिहासात गौरवलेला तो परफॉर्मन्स सलग असा कुणीच, कधीच वाजवलेला नाही! (हाच रॉलिन्स १९७८ च्या पहिल्या 'जाझ यात्रे'ला मुंबईत, रंगभवनात वाजवून गेला. ती संध्याकाळ अनुभवलेली माणसं अजून भेटतात आणि आपल्याला उगाच लहान वाटायला लावतात.)

'काइंड ऑफ ब्लू'चं तर विचारूच नका. जाझची एकच रेकॉर्ड घरात असेल तर ती हीच असते. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये दोन दिवसांत झालेली. मार्चच्या दिवशी एक मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर किंचित वरच्या सुरात आणि किंचित जलद उमटली. ही चूक १९९० च्या दशकात दुरुस्त झाली. म्हणजे तीसेक वर्षं जगाने ज्याच्यावर प्रेम केलं, जे ऐकून पोरांनी ट्रम्पेट हातात घेतला, ते चुकीच्या वेगाचं होतं. आता खरं कुठलं? माइल्स डेव्हिसने खोलीत वाजवलं ते, की दोन पिढ्यांनी घरी ऐकलं ते?

त्या अल्बमचा एकच संपूर्ण ऑल्टरनेट टेक उपलब्ध आहे, 'फ्लॅमेंको स्केचेस'चा. या गाण्याला ठरलेली चालच नाही. पाच स्वरसमूह दिलेले, प्रत्येकाने हवा तितका वेळ एकावर थांबायचं आणि पुढे जायचं. त्यामुळे तो दुसरा टेक म्हणजे अख्खं दुसरं गाणं आहे, आणि मला विचाराल तर तो अल्बमच्या शेवटी मुकाट्याने ठेवलाय हे उत्तम केलंय. याच अल्बमला पन्नास वर्षं होतायत म्हणून २००८ मध्ये निळ्या रंगाच्या एलपीसकट भलामोठा डबा आला. मी घेतला. त्यात आपल्याला मिळतं काय? अर्ध्यावर सोडलेल्या सुरुवाती आणि स्टुडिओतली बडबड. एकदा ऐकून अंगावर काटा येतो. दुसऱ्यांदा ऐकवत नाही. निळी एलपी मात्र दिसते झकास. डबा इतका मोठा की तीन फुटांच्या फळीत तो उभा, आडवा, कसाही बसत नाही. हा गेला. पुतण्याला दिला, त्याने भिंतीवर टांगलाय.

संग्राहक मंडळींमध्ये या विषयावरून हमरीतुमरी होते. एक गट म्हणतो, सगळे टेक जसे वाजले त्याच क्रमाने लावा, कारण सेशन ही एक गोष्ट आहे आणि तिचा क्रम मोडू नका. दुसरा म्हणतो, आधी अल्बम जसाच्या तसा द्या, उरलेलं शेवटी टाका. पूर्वी मी कट्टर पहिल्या गटात होतो. घरी पाहुणे आले की एकाच गाण्याचे पाच टेक ऐकवायचो. पाहुणे यायचे बंद झाले. आता मी ठाम दुसऱ्या गटात आहे. स्टुडिओतलं उरलंसुरलं वेगळ्या सीडीवर हवं. ज्याला माजघरात डोकवायचंय त्याने उठून दार उघडावं. ॲपवर ऐकणाऱ्यांची तर याहून वाईट अवस्था. टॅक्सीत बसल्या बसल्या मध्येच कुठलातरी टेक तीन वाजतो, ना पुस्तिका, ना तारीख, ना कोण वाजवतंय त्याचा पत्ता. ऐकणाऱ्याला वाटतं, हेच ते गाणं.

कोल्ट्रेनचा अटलांटिक कंपनीचा सात सीड्यांचा सेट (१९९५) मला म्हणूनच आवडतो. सातवी सीडी खास अर्धवट आणि उरलेल्या टेकची, वेगळी ठेवलेली. आणि याच सेटमुळे माझं एका माणसाबद्दलचं मत बदललं.

'जायंट स्टेप्स' हे गाणं म्हणजे जाझवाल्यांची बोर्डाची परीक्षा. तीन वेगवेगळ्या सुरावटींमध्ये सतत उड्या, दर दोन ठोक्यांना नवी स्वरसंगती, आणि वेग असा की विचार करायला फुरसत नाही. कोल्ट्रेनने घरी त्याचा घाम गाळून सराव केला होता. मे १९५९ मध्ये जो मास्टर झाला त्यात पियानोवर टॉमी फ्लॅनागन आहे. कोल्ट्रेनचा सोलो धबधब्यासारखा कोसळतो, मग फ्लॅनागनची पाळी येते आणि तो अडखळतो. चार सूर, गॅप, पुन्हा चार सूर, शेवटी सुट्या सुरांचा नाद सोडून नुसते कॉर्ड. हे इतक्या वेगाने वाजणार याची त्याला कल्पना नव्हती, असं सांगतात. कॉलेजात असताना आम्ही त्या सोलोवर हसायचो. चक्क हसायचो. आम्हाला पेटीवर धड 'सा' लावता येत नव्हता तेव्हाची गोष्ट.

मग सातवी सीडी ऐकली. काही आठवडे आधी हेच गाणं कोल्ट्रेनने दुसऱ्या माणसांबरोबर करून बघितलं होतं. पियानोवर सीडर वॉल्टन, हाही पुढे मोठा झालेला. वेग कमी. आणि वॉल्टन सोलो घेतच नाही! साथ करतो आणि गप्प बसतो. म्हणजे ज्या माणसाला आम्ही हसत होतो तो निदान त्या धबधब्याखाली उभा तरी राहिला होता. हे मास्टर ऐकून कधीच कळलं नसतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे, १९८२ मध्ये, कोल्ट्रेन जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, फ्लॅनागनने स्वतःचा एक अल्बम काढला. नाव 'जायंट स्टेप्स'. त्यात हे गाणं तो असं काही वाजवतो की बस. तेवीस वर्षांनी दिलेला टेक! कुठल्याच बॉक्स सेटमध्ये हा ऑल्टरनेट टेक सापडणार नाही, कारण कंपनी वेगळी, दशक वेगळं. मी तो वेगळा विकत घेतला आणि सातव्या सीडीच्या शेजारी ठेवलाय. दोन्ही येतायत नव्या घरी.

शिवाय त्या सातव्या सीडीवरचं काही वाचलं हेच नशीब. १९७८ मध्ये न्यू जर्सीत लाँग ब्रँच इथे अटलांटिकच्या टेप ठेवलेलं गोदाम जळालं आणि कधीच प्रसिद्ध न झालेलं किती संगीत गेलं त्याला गणती नाही. तेव्हा 'कम्प्लीट' या शब्दाचा अर्थ मी आता 'आगीतून उरलेलं' असा घेतो. डीन बेनेडेटी नावाचा एक पार्करवेडा १९४७-४८ मध्ये मशीन घेऊन क्लबांमधून फिरायचा. मोझेकने १९९० मध्ये त्याचं रेकॉर्डिंग सात सीड्यांवर 'कम्प्लीट' म्हणूनच काढलं. पण पठ्ठ्या फक्त पार्करचा सोलो टिपायचा! दुसरा कुणी वाजवायला लागला की मशीन बंद. एका मित्राकडे तो सेट थोडासा ऐकलाय. अर्ध्या तासात डोकं गरगरतं. सगळी जेवणावळ सोडून नुसती बासुंदी.

आता परत त्या रविवारच्या सकाळीकडे, कारण 'ऑल ऑफ यू' ज्या सेटमधलं आहे तोही रविवारचाच. २५ जून १९६१. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात बिल एव्हन्सच्या त्रिकुटाचा शेवटचा दिवस. पियानोवर एव्हन्स, ड्रमवर पॉल मोशन आणि डबल बेसवर स्कॉट लाफारो, वय पंचवीस. दिवसभरात पाच बैठकी, दोन दुपारी आणि तीन रात्री, सगळ्या रेकॉर्ड केलेल्या. मागे ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा, कुणाचं तरी हसू. बेसवाल्याने मागे बसून ताल धरायचा, हा नियम लाफारोने मोडीत काढला होता. तो पियानोशी गप्पा मारतो, मध्येच वाक्य तोडतो, स्वतःचंच सांगत सुटतो.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला.

त्यानंतर रेकॉर्ड काढायची म्हणून त्या टेप पुन्हा ऐकाव्या लागल्या. ज्या दिवशी वाजवलं त्या दिवशी निवड केली असती तर कदाचित पियानो सगळ्यात छान लागलाय ते टेक निवडले गेले असते. पण आता निवडताना कान बेसकडे होता. म्हणून 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' सुरू होते लाफारोच्या रचनेने, 'ग्लोरियाज स्टेप', आणि संपतेही त्याच्याच रचनेने, 'जेड व्हिजन्स'. मास्टर कुठला हे अपघाताने ठरवलं.

२००५ मध्ये त्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग तीन सीड्यांवर आलं, जसं वाजलं त्याच क्रमाने. सुरुवातीलाच 'ग्लोरियाज स्टेप'मध्ये वीज जाते आणि टेपमध्ये भगदाड पडतं, तेही तसंच ठेवलंय. आणि इथे माझा स्टुडिओवाला नियम मी गुंडाळून ठेवतो. या सेटमध्ये क्रम हाच मुद्दा आहे. 'ऑल ऑफ यू'चे तीन टेक म्हणजे तीन प्रयत्न नव्हेत, तो दिवसाचा वेगवेगळा वेळ आहे. समोरची माणसं बदललीत, वाजवणारे दमलेत. आणि मी शहाणा रिमोट घेऊन ते तीन टेक उपटून शेजारी शेजारी लावून बसलो होतो. बायकोला सीडी अडकल्यासारखी वाटली यात तिची काय चूक?

दुपारी भांडी आवरून ती येऊन बसली. मी शेवटची सीडी लावली, या वेळी काहीही प्रोग्रॅम न करता. शेवटाला 'जेड व्हिजन्स' येतं, लगेच पुन्हा एकदा 'जेड व्हिजन्स'. मी लाफारोची गोष्ट सांगितली होतीच. तिने या वेळी झालं का म्हणून विचारलं नाही. दुसरा टेक संपला, मग एक चिमुकला तुकडा, जेमतेम काही सुरांचा, आणि मग काहीच नाही.

"त्याला लगेच परत का वाजवायचं होतं?"

"माहीत नाही. पहिल्यांदा मनासारखं झालं नसेल."

"मला पहिल्यांदाचं आवडलं," ती म्हणाली. "ते रेकॉर्डवर नाही?"

"रेकॉर्डवर दुसरं आहे."

"परत लाव बघू."

मी परत लावलं. रिमोट तिनेच मागून घेतला.

फळीचा हिशेब असा झालाय. व्हॅनगार्डच्या तीन सीड्या, येतायत. कोल्ट्रेनच्या सात आणि फ्लॅनागनची एक, येतायत. माइल्सचा प्लग्ड निकल क्लबातला सेट, आठ सीड्या, डिसेंबर १९६५ च्या शिकागोतल्या दोन रात्रींचा, येतोय, कारण त्यात मास्टर नाहीच, सगळे ऑल्टरनेट आहेत आणि पाचही जण एकमेकांना जाणूनबुजून खड्ड्यात पाडायला निघालेत. पार्करच्या आठ सीड्यांवर दोन दिवस चर्चा झाली. 'एम्ब्रेसेबल यू'च्या जोरावर तोही पास. पोलादी पेटीच्या बाबतीत मी स्वतःच हार मानली. अठरा सीड्या कागदी पाकिटांत घातल्या, पेटीसाठी एक गिऱ्हाईक शोधलं. तरुण पोरगा, आयटीत आहे, पुण्याहून खास आला होता. पेटी हातात घेऊन तो तिच्या गंजाकडे इतक्या कौतुकाने बघत होता की मला पैसे मोजून घ्यायचं सुचेना. तो गेल्यावर शेल्फवरचा तपकिरी चौकोन घासून बघितला. निघत नाही.

काल बायकोने टेप घेऊन फळी पुन्हा मोजली. सव्वादोन इंच अजून शिल्लक आहेत म्हणते.